लाकडी दस्ता आणि नायलॉनची रायफल

दिवाळी जवळ आली की घराघरांतून ज्या वस्तूंना एकाएकी भाव चढतो, त्यांत टिकल्यांचे पिस्तूल ही एक मानाची वस्तू आहे. या पिस्तुलाच्या दोन जाती सर्वांना ठाऊक आहेत. पहिली गरीब जात. तिच्यात एक टिकली ठेवायची, घोडा मागे ओढायचा, 'फट्' करायचे आणि पुन्हा दुसरी टिकली शोधायला खिशात हात घालायचा. दुसरी जात जरा श्रीमंत. तिच्या पोटात लाल कागदाची गुंडाळी बसते आणि चाप ओढला की गुंडाळी आपली आपण एक घर पुढे सरकते. धाकट्याला पहिली आणून थोरल्याला दुसरी आणली, तर लक्ष्मीपूजनाच्या ऐन मुहूर्तावर घरात जे रणकंदन माजते त्याचे वर्णन मी करीत नाही. प्रत्येक वाचकाच्या घरी ते होऊन गेलेले असते.

आता कल्पना करा, की पिस्तुलाची तिसरीही एक जात आहे. तिच्यात पहिली टिकली फुटली की तिच्याच धक्क्याने दुसरी टिकली जागेवर येऊन बसते. बोटाने फक्त चाप ओढायचा, भरण्याचे काम स्फोटानेच करायचे. असे खेळणे बाजारात नाही. पण हे तत्त्व ज्या खऱ्या वस्तूत आहे तिला अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, म्हणून 'अर्ध'. पण पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, म्हणून 'स्वयंचलित'. पोलीस व फौजी लोक तिच्या एका प्रसिद्ध नमुन्याला तीन इंग्रजी अक्षरांनी 'एसएलआर' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की आपली आपण भरणारी रायफल.

या सदरात आपण आजवर घरातल्या वस्तूंचीच चौकशी करीत आलो. ती वस्तू कशाची बनली, तशीच का बनली आणि स्वस्त करताना कारखानदाराने कशाला हात लावला व कशाला लावला नाही, एवढेच आपले प्रश्न. दिवाळी अंकात मिठाई सोडून रायफलीकडे का वळलो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मी बीडला राहतो आणि आमच्या गल्लीत यंदा बंदुकीचा विषय दोन घरांतून एकाच आठवड्यात माझ्यापुढे आला.

पहिले घर समोरच्या वहिनींचे. त्यांचा धाकटा मुलगा फौजेत निवडला गेला. पेढे देऊन झाल्यावर वहिनी उंबऱ्यापाशी घुटमळल्या व म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही समद्या वस्तूंवर लिहिता. मग ह्याच्या हातात जी बंदूक देणार हायेत, ती कशाची आसती तेवढं सांगा. फुटती-बिटती का कधी? आन् अडकली तर?"

दुसरे घर गल्लीच्या टोकाचे. तिथला तरुण कंत्राटदार आहे. त्याने मला विचारले, "काका, परवान्यावर मिळणारी सगळ्यात स्वस्त पण भारी दिसणारी रायफल कोणती? आपोआप भरणारी मिळाली तर लई बरं."

एकीला बंदूक मुलाच्या जिवासाठी चांगली हवी होती, दुसऱ्याला लोकांत मिरवण्यासाठी. प्रश्न निराळे असले तरी दोघांच्या उत्तराचा पूर्वार्ध एकच आहे, आणि तो सांगायला मी आमच्या सुभेदारमामांना गाठले. मामा आष्टी तालुक्यातले. नोकरी संपवून ते आमच्या गल्लीत स्थायिक झाले आहेत. नोकरीच्या आरंभी त्यांनी एसएलआर खांद्यावर वागवली आणि शेवटी इन्सास.

मामांनी सगळे शास्त्र एका वाक्यात सांगितले. "हे बघा, बंदुकीत दोन प्रकारचे भाग आसतात. एक दाब सोसणारे, दुसरे नुसते धरायचे. धरायच्या भागात काय काटकसर करायची ती करा. दाब सोसणाऱ्या भागात केली, की डोळा गेला म्हणून समजा."

हा दाब म्हणजे थोडाथोडका नव्हे. ७.६२ मिलिमीटरच्या फौजी काडतुसातील दारू पेटली म्हणजे नळीच्या बुडाशी चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंड इतका दाब क्षणभर निर्माण होतो. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी चौरस इंचाला सुमारे १५ पौंडांवर वाजते! तेव्हा नळी आणि काडतुसाच्या पाठीशी कडीसारखा बसणारा बोल्ट हे दोन भाग उत्तम मिश्र पोलादाचेच लागतात. तिथे दुसरा पर्याय अजून माणसाला सापडलेला नाही.

काडतुसाची पुंगळी मात्र पितळेची. हेही उगाच नव्हे. पितळ हा मोठा समजूतदार धातू आहे. दाब येताच पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे, म्हणजे झाडणाऱ्याच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर पडते. लोखंडाची पुंगळी स्वस्त पडते आणि काही देश ती वापरतातही. पण फुगून पुन्हा आकसण्याची पितळेची हातोटी तिच्यात कमीच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६२ च्या युद्धानंतर उभा राहिला. लहान शस्त्रांची काडतुसे करण्याच्या कामात या दोन्ही महाराष्ट्रीय गावांचा मोठा वाटा आहे. दिवाळीत चिंच लावून समया घासणाऱ्या गृहिणीला पितळेचे गुण नव्याने सांगायला नकोत.

आता 'आपोआप भरणे' म्हणजे काय ते पाहू. गोळी नळीतून पुढे धावत असता नळीला वरच्या अंगाला ठेवलेल्या एका बारीक भोकातून थोडा वायू बाजूला काढलेला असतो. तो वायू एका दांड्याला मागे ढकलतो. दांडा बोल्टला ढकलतो, बोल्ट रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि मागची स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंग उलटली, की बोल्ट परत येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस घेऊन जागेवर बसतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

याची खूण मराठवाड्यातल्या कुणालाही पाहता येईल. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी हुतात्मा स्मारकापाशी पोलीस जेव्हा एसएलआरने हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, तेव्हा प्रत्येक फैरीनंतर जवान हाताने खटका मागे ओढताना दिसतात. आपोआप भरणारी रायफल हाताने का भरावी लागते? कारण मानवंदनेचे काडतूस कोरे असते, त्यात गोळी नसते. नळी पुढून मोकळी असल्यामुळे वायू सरळ निघून जातो, दांड्याला ढकलण्याइतका दाब साठत नाही. मामांनी हे सांगितले तेव्हा वहिनींचा मुलगा म्हणाला, "मामा, मला तर वाटायचं ती बंदूक बिघडलेली आसती!"

ही एसएलआर आपल्याकडे आली त्याची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १९६२ साली चीनच्या युद्धात आपल्या बहुसंख्य जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल होती. ती बळकट, नेमकी, पण दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायला लावणारी. समोर आपोआप भरणारी शस्त्रे होती. १९५८ साली पुण्याच्या परिसरात सुरू झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेतील तंत्रज्ञांनी बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने समोर ठेवून भारतीय आराखडा तयार केला, आणि १९६३ पासून बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातून ही रायफल बाहेर पडू लागली. लांबी पावणेचार फुटांच्या घरात, वजन साडेचार किलोंच्या आसपास, मॅगझिनमध्ये २० काडतुसे.

तिच्या आराखड्यात काटकसर कुठे केली ते पाहण्याजोगे आहे. मुख्य पेटी, जिच्यात बोल्ट धावतो, ती पोलादाचा ठोकळा कोरून काढलेली. हे काम वेळखाऊ आणि महागडे, पण आयुष्यभराचे. रशियनांनी आपल्या कलाश्निकोव्ह रायफलीची पेटी १९५९ पासून मिलिमीटरभर जाडीचा पोलादी पत्रा ठोकून-वळवून केली. तिने किंमत आणि वजन दोन्ही उतरले. कोरीव पेटी म्हणजे दगडी वाडा आणि पत्र्याची पेटी म्हणजे चाळ. दोन्हींत माणसे सुखाने नांदतात. मात्र चाळीचा बांधणारा हुशार असावा लागतो, नाहीतर पत्रा कुठे वाकेल त्याचा नेम नाही.

एसएलआरचा दस्ता लाकडाचा. त्याच्या बुडाची धातूची पट्टी तर जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्याच धर्तीची ठेवली. तिला छोटे झाकण, झाकणाआड तेलाची कुपी आणि नळी साफ करण्याची दोरी. जुन्या पैठणीचे काठ काढून नव्या लुगड्याला लावावेत, तशी ही युक्ती. इंग्रजांनी पुढे आपल्या एसएलआरचे लाकूड काढून काचतंतू मिसळलेले नायलॉन बसवले. आपण लाकडावरच राहिलो. लाकूड इथे मिळत होते, सुतारकाम येणारे हात होते, आणि मोडलेला दस्ता बदलता येत होता. लाकडाचा दोष एकच, ते पाणी पिते. पावसाळ्यात फुगते, उन्हात आकसते, आणि दस्ता हलला की नेम हलतो. त्यावर जगभरच्या फौजांचा जुना उपाय म्हणजे जवसाचे तेल. मामा म्हणतात, "आमच्या रानात जवस पिकायचा, घरात चटणी व्हायची. फौजेत गेलो तर तेच तेल रायफलीला चोळायला दिलं. म्हणलं, चला, ओळखीचं कुणीतरी भेटलं!"

पुढे १९८० नंतर पुण्याच्या त्याच संस्थेने इन्सास रायफल आखली. काडतूस लहान, ५.५६ मिलिमीटरचे. नळीला आतून क्रोमचा मुलामा, म्हणजे गंज आणि झीज कमी. एक-एक गोळी किंवा तीन-तीनचा झटका, अशी सोय. मॅगझिन पारदर्शक प्लॅस्टिकचे केले. कल्पना नामी होती. किती काडतुसे उरली ते लोणच्याच्या बरणीसारखे बाहेरून दिसावे. पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत ही प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. रायफली अडकल्याच्याही आल्या. पुढे सुधारणा झाल्या, पण धडा राहिला. मामांच्या वर्गवारीत मॅगझिन हा 'नुसता धरायचा' भाग होता. तरी थंडी हाही एक दाबच आहे, हे तिथे कळले. गावातल्या उन्हात उत्तम चालणारे प्लॅस्टिक बर्फात काचेसारखे होते. काडतुसे धरणाऱ्या डब्याला तडा गेला, की पन्नास हजार पौंड सोसणारी नळी नुसती काठी उरते.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट दूरची नाही. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे आज अडथळ्यांच्या शर्यतीसाठी जगाला ठाऊक आहे. २०२३ च्या आशियाई खेळांत ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने आणले. पण धावपटू होण्याआधी तो महार रेजिमेंटचा जवान म्हणून सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत राहिलेला आहे. बीडचा मुलगा, उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे तापणाऱ्या रानातून निघून उणे तापमानाच्या हिमनदीवर जातो, आणि तिथून वाळवंटात. त्याच्या हातातील रायफलीलाही तोच प्रवास करावा लागतो. बर्फात तेल थिजते, वाळवंटात तेलाला वाळू चिकटते. म्हणून एसएलआरच्या घराण्यात वायू कमीजास्त सोडण्याची एक फिरती कडी ठेवलेली असते. रायफल मळली की थोडा जास्त वायू सोडून तिला जोर द्यायचा. इंग्रजांनी तर आपल्या रायफलीच्या आतल्या सरकत्या भागावर मुद्दाम खाचा पाडल्या, की वाळू तिथे जाऊन बसावी आणि वाट मोकळी राहावी. स्वस्त वस्तू आणि भरवशाची वस्तू यांतला फरक असल्या खाचांत असतो. वरून तो दिसत नाही.

मग स्वस्त रायफल चांगली असूच शकत नाही काय? शकते. फक्त तिच्याकडून मागणे लहान हवे. याचे नमुनेदार उदाहरण अमेरिकेतले आहे. १९५९ साली रेमिंग्टन कंपनीने एक अर्धस्वयंचलित रायफल काढली आणि तिचे नाव ठेवले 'नायलॉन सिक्स्टीसिक्स'. होय, नायलॉन! ज्या नायलॉनच्या साड्यांनी आपल्या आईमावश्यांना एके काळी वेड लावले, त्याच कुळातले. हे नायलॉन ज्या दोन द्रव्यांपासून होते त्यांच्या प्रत्येकाच्या रेणूत कार्बनचे सहा-सहा अणू असतात, म्हणून सहा-सहा. या रायफलीचा दस्ता, पुढची मूठ आणि बोल्टचे घरसुद्धा नायलॉनचे होते. लोखंडी बोल्ट नायलॉनवर घसरत असल्यामुळे त्याला तेलही जवळजवळ लागत नसे. लोकांनी आधी नाके मुरडली. तेव्हा कंपनीच्या एका नेमबाजाने हवेत फेकलेले एक लाखाहून जास्त लाकडी ठोकळे या रायफलीने टिपून दाखवले. चुकले केवळ सहा. पुढच्या तीसेक वर्षांत अशा दहा लाखांहून अधिक रायफली खपल्या.

१९६४ साली रूगर कंपनीने दुसरी तशीच स्वस्त रायफल काढली. तिची पेटी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची, आणि नळी पेटीला दोन स्क्रूंनी पकडलेली. ती आजही खपते. तिकडे मुलाला पहिली रायफल म्हणून हीच दिली जाते.

हे कसे जमले? तर या दोन्ही रायफली ०.२२ इंचाच्या बारक्या काडतुसाच्या आहेत. त्याची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची आणि दाब फौजी काडतुसाच्या निम्म्याच्या आसपास. गोळीच्या अंगचा जोर तर फौजी गोळीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्या कामाला बोल्ट कडीने अडकवावा लागत नाही, त्याचे वजन आणि स्प्रिंगच पुरते. म्हणून पेटी नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची चालते. फौजी काडतुसाच्या रायफलीत असे केले असते तर पहिल्याच दिवशी कंपनीचे दिवाळे वाजले असते. तात्पर्य, स्वस्ताई साहित्यात नसते, काम आणि साहित्य यांच्या जोडीत असते. चिनीमातीच्या बशीत चहा प्यावा, फोडणी करू नये.

आता हेच विचार आपल्याकडे नव्याने चालू आहेत. २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालेले 'अस्मी' हे शस्त्र पुण्याच्या संस्थेने आणि महूच्या पायदळ शाळेने मिळून केले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी ते चार महिन्यांत आखले. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बनतंतूंचा, आणि चापाचे काही भाग तर थर-थर रचून छापणाऱ्या यंत्रावर केलेले. वजन दोन किलोंच्या आत. त्याचे काडतूस पिस्तुलाचे, ९ मिलिमीटरचे. म्हणूनच हे साहित्य पुरते. मामांच्या वर्गवारीत इथेही फरक पडलेला नाही. नळी पोलादाचीच आहे.

हे सारे मी वहिनींना ओसरीवर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "म्हंजी फुटत नाही ना?" मी म्हणालो, "कारखान्यातून निघालेली प्रत्येक बंदूक नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून तपासतात, आणि मगच तिच्यावर कसोटीचा शिक्का बसतो. तुमच्या पाटल्यांवर हॉलमार्क असतो ना, तसाच." हे त्यांना पटले. मामांनी मुलाला जवळ बोलावून एवढेच सांगितले, की रायफल अडकण्याची निम्मी कारणे मळ आणि आळस ही असतात. दमून आलास तरी आधी ती पूस, मग जेव. वहिनी लगेच म्हणाल्या, "घरी ताट तरी उचलतो का इचारा!"

दुसऱ्या घराचे उत्तर मात्र इतके सोपे नाही.

कंत्राटदार पुतण्याला मी पहिल्यांदा कायदा सांगितला. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्धस्वयंचलित रायफल ही सामान्य नागरिकास मनाई असलेल्या गटात मोडते. थ्री-नॉट-थ्री किंवा ७.६२ ची फौजी काडतुसे चालतील अशी रायफलही तशीच. म्हणून तर ईशापूरने नागरिकांसाठी ०.३१५ इंचाची निराळी रायफल काढली; तिचा बोल्ट हातानेच ओढावा लागतो. परवान्यावर मिळते ती अशी रायफल, बारा बोअरची बंदूक किंवा ०.३२ चे रिव्हॉल्व्हर-पिस्तूल. त्यासाठीही पोलीस चौकशी आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात.

तो म्हणाला, "मग हलकं रिव्हॉल्व्हर घेतो." २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले होते. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, अर्ध्या किलोचे, पर्समध्ये मावणारे. किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. टायटॅनियम हलके, बळकट, गंजत नाही, पण महाग. आणि हलक्या शस्त्राचा एक गुण जाहिरातीत नसतो. तेच काडतूस हलक्या शस्त्रातून उडवले की हाताला झटका जास्त बसतो आणि नेम धरणे कठीण जाते. शिकाऊ माणसाला हलके शस्त्र सोपे वाटते, प्रत्यक्षात ते अवघड असते.

"काका, मला कुठं नेम धरायचाय? लग्नात-वरातीत दोन बार काढायचे, एवढंच," तो हसत म्हणाला.

इथे मामांचा चेहरा बदलला. हवेत उडवलेली गोळी कुठे जाते, हा प्रश्न वरातीत कुणाला पडत नाही. अमेरिकन फौजेतील हॅचर या अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास याचे प्रयोग केले. सरळ आकाशात सोडलेली रायफलीची गोळी परतताना सेकंदाला सुमारे ३०० फूट वेगाने खाली आली. तिरकी सुटलेली याहून वेगाने येते. मांडवात वर पाहणारे लहान मूल, गच्चीवर पापड वाळवणारी आजी, यांच्या डोक्याला तेवढा वेग पुरेसा आहे. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाप्रीत्यर्थ पण इतरांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बीड जिल्ह्याने याची किंमत ओळखायला उशीर केला. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. परवान्यांची संख्या हजारावर असल्याचे वृत्तपत्रांतून आले, कमरेला पिस्तूल लावलेल्या आणि हवेत बार काढणाऱ्या माणसांची चित्रे घरोघर पाहिली गेली, आणि २०२५ च्या आरंभी प्रशासनाने शंभरांहून अधिक परवाने रद्द केले. ऊस तोडायला बायकामुलांसह घर सोडणाऱ्या मजुरांच्या या जिल्ह्यात, बंदूक ही चोरापासून रक्षणाची वस्तू राहिली नव्हती. सोन्याच्या साखळीसारखी ती गळ्याबाहेर काढून ठेवायची वस्तू झाली होती. दागिना पाहून शेजाऱ्याला हेवा वाटतो. बंदूक पाहून त्याला भीती वाटते, आणि भ्यालेला शेजारी खरे बोलेनासा होतो. गावाचे नुकसान तिथून सुरू होते.

परवाना न मिळाल्यास काही जण गावठी कट्ट्याकडे वळतात. त्याविषयी मामांची वर्गवारीच पुरेशी आहे. दाब सोसणारी नळी कुठल्या पोलादाची, ते करणाऱ्यालाही ठाऊक नसते. तपासणी नाही, शिक्का नाही. तो समोरच्यावर रोखलेला असला तरी धोका मागच्यालाही तितकाच, आणि पोलिसांनी धरले तर तुरुंग ठरलेलाच.

शेवटी पुतण्याने विचारले, "मग नेमबाजीची हौस असली तर माणसानं करावं काय?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याला चांगले उत्तर आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले. त्याच्या आधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने विश्वविजेतेपद आणले. ही पदके ज्या जातीच्या रायफलीने मिळतात ती ०.२२ चीच, आणि अर्धस्वयंचलित तर नव्हेच. दर गोळी हाताने भरायची. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ साडेदहा मिलिमीटरांहूनही लहान, म्हणजे शर्टाच्या बटनाएवढे. रायफल मुद्दाम जड, पुरुषांना आठ किलोंपर्यंतची मुभा, कारण जड नळी हलत नाही. म्हणजे जगातला उत्तम नेमबाज नेमक्या त्याच गोष्टी टाळतो ज्या पुतण्याला हव्या होत्या: हलकेपणा, भराभरी आणि आवाज.

आरंभ तर याहून स्वस्तात होतो. ४.५ मिलिमीटरची कमी जोराची हवेची बंदूक शस्त्रपरवान्याशिवाय मिळते; ऑलिंपिकमधली १० मीटरची स्पर्धा त्याच मापाच्या छर्‍याने होते. तीही खेळणे नव्हे, डोळा तिनेही जातो. म्हणून शिक्षकाच्या नजरेखाली आणि भिंतीआड ठरलेल्या जागीच ती चालवावी. शाळा-कॉलेजात राष्ट्रीय छात्रसेना असेल तर मुलामुलींना तिथे शिस्तीत हे शिकता येते.

वाचकहो, ज्यांच्या घरात परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी या दिवाळीत फराळाच्या धांदलीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. शस्त्र रिकामे आहे ना, ते दोनदा पाहावे. शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. आणि दोन्ही किल्ल्या अशा जागी ठेवाव्यात, जी दिवाळीला आलेल्या भाच्यापुतण्यांना ठाऊक नाही. पाहुण्यांनी 'दाखवा की जरा' म्हटले तर चिवडा पुढे करावा.

वहिनींचा मुलगा भाऊबीज झाली की केंद्रावर रुजू होईल. कंत्राटदार पुतण्याने अर्ज अजून केलेला नाही. मामांनी त्याला पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर हवेच्या बंदुकीने दहा छर्रे मारून दाखवायला बोलावले आहे. दहांपैकी चार जरी कागदाला लागले तर पुढचे बोलू, असे मामांचे म्हणणे. निकाल पुढे केव्हातरी याच सदरात. आपणा सर्वांना दिवाळी सुखाची, प्रकाशाची आणि फक्त टिकल्यांच्या आवाजाची जावो!